घरट्यातील पिल्ले आणि रानातील अन्न : शिकारी पक्ष्यांच्या विणीचा एक अभ्यास

अन्नसाखळीचा धडा आपण सर्वांनी शाळेत कधी ना कधी गिरवलेला आहे. गवत उंदराने खाल्ले, उंदीर सापाने खाल्ला, साप गरुडाने खाल्ला आणि साखळी संपली, असे त्या धड्याचे चित्र असते. चित्रात गरुड सर्वांत वर बसलेला असल्यामुळे तोच सर्वांत बलवान, असा समज आपल्या मनात घर करून राहतो. वस्तुतः ज्याच्या खाली इतक्या पायऱ्या आहेत, त्याला त्यांतील प्रत्येक पायरीचा धोका सोसावा लागतो. पाऊस कमी पडला, गवत जळाले, उंदीर घटले किंवा उंदरात विष भिनले, तर त्याचा हिशेब शेवटी या वरच्या पक्ष्याच्या घरट्यात मांडला जातो.

घार, शिक्रा, गरुड, ससाणा, घुबड, गिधाड या सर्वांना आपण ढोबळपणे शिकारी पक्षी म्हणतो. गिधाड शिकार करीत नाही, ते मृत जनावरांवर जगते. परंतु अभ्यासाच्या सोयीसाठी तेही याच गटात धरले जाते. एखाद्या कड्यावरील घरट्यातून एका वर्षी तीन पिल्ले उडून जातात आणि दुसऱ्या वर्षी त्याच जोडीच्या घरट्यात एकही अंडे दिसत नाही, असे का घडते? या एका प्रश्नाचा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत. जगाच्या निरनिराळ्या भागांत अभ्यासकांनी वर्षानुवर्षे घरटी मोजून जी उत्तरे मिळवली, ती आपल्या शेताशिवाराला आणि आपल्या गोठ्यालाही लागू पडतात, असे आमच्या ध्यानात आले आहे.

शिकारी पक्ष्याचा संसार

प्रथम या पक्ष्यांचा संसार कसा चालतो ते पाहू. बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा आकाराने मोठी असते. अंडी घालण्याच्या थोडे आधीपासून ती शिकार जवळजवळ थांबवते आणि घरट्याच्या आसपास बसून राहते. तेव्हापासून पिल्ले काहीशी मोठी होईपर्यंत तिचे, स्वतःचे आणि पिल्लांचे पोट भरण्याचा भार मुख्यतः एकट्या नरावर पडतो. त्या काळात नराला शिकार किती वेळात आणि किती अंतरावर मिळते, यावर सारे घरटे अवलंबून असते.

दुसरी गोष्ट अंडी उबवण्याच्या रीतीची. कोंबडी सर्व अंडी घालून झाल्यावर उबवायला बसते, त्यामुळे तिची पिल्ले बहुधा एकाच सुमारास बाहेर येतात. घुबडाची मादी पहिले किंवा दुसरे अंडे घातल्यापासूनच उबवू लागते. साहजिकच पिल्ले एक-दोन दिवसांच्या अंतराने बाहेर येतात आणि एकाच घरट्यात थोरले, मधले, धाकटे अशी उतरंड तयार होते. अन्न भरपूर असेल तर सर्वांचे पोट भरते. अन्न अपुरे असेल तर थोरले आधी खाते आणि धाकटे उपाशी मरते. ही रीत आपल्याला निर्दय वाटेल. पण अपुरे अन्न चारही पिल्लांत सारखे वाटले गेले असते, तर चौघेही अशक्त राहून दगावण्याची भीती होती. पुढे दिवस कसे येतील हे अंडी घालताना पक्ष्याला ठाऊक नसते. उतरंडीमुळे घरट्यातील तोंडांची संख्या मिळणाऱ्या अन्नाशी आपोआप जुळते.

याला अपवाद आहेत, हेही सांगितले पाहिजे. आफ्रिकेतील डोंगराळ भागात राहणारा व्हेरॉ गरुड बहुधा दोन अंडी घालतो. परंतु थोरले पिल्लू धाकट्याला टोचून मारते आणि हे घरट्यात अन्न पडलेले असतानाही घडते. झिंबाब्वेतील मातोबो टेकड्यांत या गरुडांच्या अनेक जोड्यांचा दीर्घकाळ अभ्यास झाला, तेव्हा ही गोष्ट स्पष्टपणे नोंदवली गेली. तेथे दुसरे अंडे हे बहुधा पहिले वाया गेल्यास उपयोगी पडावे, एवढ्यापुरतेच असते. तात्पर्य, अन्न हे मोठे कारण असले तरी प्रत्येक जातीचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो.

सुकाळाचे वर्ष, दुष्काळाचे वर्ष

अन्नाचा विणीवरील परिणाम सर्वांत स्वच्छ दिसतो तो उत्तर युरोपातील फिनलंड देशात. तेथील जंगलांत आणि शेतांत व्होल नावाचे, आखूड शेपटीचे, उंदरासारखे प्राणी राहतात. त्यांची संख्या दरवर्षी सारखी नसते. पश्चिम फिनलंडमध्ये साधारण तीन वर्षांच्या फेऱ्यात ती वाढत जाते, शिगेला पोहोचते आणि मग एकदम कोसळते. या प्राण्यांवर जगणारे टेंगमाल्म घुबड हे एक लहानखुरे घुबड आहे. ते झाडाच्या ढोलीत किंवा माणसांनी टांगलेल्या लाकडी पेटीत अंडी घालते. एर्की कोर्पिमाकी या अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून या घुबडांच्या शेकडो पेट्यांची नोंद ठेवली आहे.

त्या नोंदींतून जे दिसते ते असे. व्होल भरपूर असलेल्या वर्षी अधिक जोड्या घरटी करतात, अंडी लवकर घालतात आणि प्रत्येक घरट्यात अंड्यांची संख्याही जास्त असते. अशा वर्षी एखादा नर दोन माद्यांचे संसार एकाच वेळी चालवतो. व्होल कोसळले की अनेक जोड्या अंडीच घालत नाहीत. ज्या घालतात त्या थोडी आणि उशिरा घालतात. दुष्काळात माद्या आणि तरुण पक्षी अन्नाच्या शोधात दूरदूर भटकत जातात, तर नर बहुधा आपली हद्द आणि आपली ढोली राखून मागे थांबतो. कारण चांगली ढोली दुर्मिळ असते. एकदा सोडली की परत मिळेलच असे नाही.

ध्रुवाजवळच्या प्रदेशातील पांढरे हिमघुबड तर याहून टोकाचे आहे. लेमिंग नावाचे लहान प्राणी विपुल असलेल्या वर्षी ते सात ते अकरा अंडी घालते आणि लेमिंग नसले तर त्या भागात वीणच करीत नाही. कोठे काय पिकले आहे हे पाहून मुक्काम ठरवणाऱ्या धनगरासारखे त्याचे जीवन आहे.

येथे एखादा चोखंदळ वाचक विचारील की, सुकाळाच्या वर्षी हवामानही चांगले असू शकते. मग श्रेय अन्नालाच का द्यायचे? अभ्यासकांनाही हाच प्रश्न पडला होता. म्हणून त्यांनी काही जोड्यांना विणीच्या आधी वरून अन्न पुरवले आणि शेजारच्या जोड्यांना काहीच दिले नाही. हवामान दोघांना सारखेच होते. नेदरलँड्समधील केस्ट्रेल, म्हणजे हिवाळ्यात आपल्या माळरानांवरही दिसणारा खरुची ससाणा, स्कॉटलंडमधील स्पॅरोहॉक आणि फिनलंड-स्वीडनमधील टेंगमाल्म घुबड यांच्यावर असे प्रयोग झाले. वरून अन्न मिळालेल्या माद्यांनी अंडी लवकर घातली आणि काही जातींत ती संख्येनेही अधिक होती. कार्य आणि कारण यांचा संबंध केवळ अंदाजाने न जोडता पडताळून पाहण्याची ही रीत आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे.

अंडी लवकर घालण्याला इतके महत्त्व का? लवकर उडालेल्या पिल्लाला पुढचा कठीण ऋतू येण्यापूर्वी शिकार शिकायला अधिक दिवस मिळतात. शिकारी पक्ष्याच्या आयुष्यातील पहिले वर्ष सर्वांत धोक्याचे असते. उशिरा जन्मलेले पिल्लू अर्धवट शिकूनच परीक्षेला बसते.

भक्ष्य असणे आणि भक्ष्य मिळणे

अन्न किती आहे हे मोजताना एक चूक सहज होते. रानात उंदीर किती आहेत आणि पक्ष्याला उंदीर किती मिळतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंच, दाट गवतात उंदीर पुष्कळ असले तरी वरून झडप घालणाऱ्या पक्ष्याला ते दिसत नाहीत. तेच गवत कापले गेले किंवा चरले गेले की थोडे उंदीरही पुरेसे होतात. उभ्या उसात घुशी कितीही माजल्या तरी घुबडाला त्यांचा फारसा उपयोग नाही. उसाच्या कडेचा बांध, पायवाट आणि काढणी झालेले रिकामे शेत यांवर त्याचा खरा संसार चालतो. सतत पाऊस लागला तरी हीच अडचण येते. उंदीर बिळात राहतो, ओल्या पंखांनी उडणे जड होते आणि घरट्यात पिल्ले थंडीने कुडकुडत असतात.

म्हणून अधिवासाचा दर्जा ठरवताना नुसती हिरवाई पाहून चालत नाही. माळरान आपल्याला उजाड, निरुपयोगी दिसते आणि सरकारी कागदोपत्रीही त्याची नोंद पुष्कळदा पडीक जमीन म्हणून होते. परंतु सापमार गरुडासारख्या पक्ष्याला सरपटणारे साप दिसतील अशी मोकळी, आखूड गवताची जमीनच हवी असते. तिच्यावर दाट झाडी लावली तर आपल्या दृष्टीने वृक्षारोपण झाले, त्या गरुडाच्या दृष्टीने ताटावर झाकण पडले.

घरट्याची जागा

आता अन्न मुबलक आहे, पण घरट्याला जागा नाही, अशी स्थिती कल्पावी. नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून फ्लेव्होलँड हा नवा प्रदेश तयार करण्यात आला. नव्या, सपाट जमिनीवर व्होल माजले. पण झाडे वाढायची होती, त्यामुळे केस्ट्रेल ससाण्याला घरटे करायला जागा नव्हती. तेथे खांबांवर लाकडी पेट्या बसवल्यावर जोड्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. अन्न आधीच होते. अडले होते ते केवळ घरासाठी.

जागांमध्येही डावे-उजवे असते. इयान न्यूटन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दक्षिण स्कॉटलंडमध्ये १९७० च्या दशकापासून दोन दशकांहून अधिक काळ स्पॅरोहॉकची घरटी पाहिली. स्पॅरोहॉक हा आपल्या शिक्र्याचा जवळचा नातलग. तो लहान पक्ष्यांवर जगतो. ज्या भागात लहान पक्षी जास्त, तेथे त्याची घरटी एकमेकांच्या जवळ होती; जेथे ते विरळ, तेथे दोन घरट्यांमधील अंतर वाढत गेले. काही जागा जवळजवळ दरवर्षी भरलेल्या असत, मग त्यांतील पक्षी बदलले तरी हरकत नसे. काही जागा मात्र क्वचितच वापरल्या जात आणि वापरल्या गेल्या तरी तेथून पिल्ले फारशी उडत नसत. तरुण, अननुभवी पक्षी बहुधा दुय्यम जागी संसार मांडत आणि वय व अनुभव वाढला की चांगल्या जागी सरकत.

या निरीक्षणाचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. एखाद्या प्रदेशात शंभर घरटी असतील, तर त्यांची किंमत सारखी नसते. पुढची पिढी मुख्यतः काही मोजक्या उत्तम जागांतून येते. अशी जागा एकदा रस्त्याखाली किंवा खाणीखाली गेली की, "उरलेल्या नव्व्याण्णव जागा आहेतच की," हे समाधान फसवे ठरते.

आपल्या देशातील एक उदाहरण दिल्ली शहरातले आहे. तेथील घारींचा अलीकडच्या वर्षांत बारकाईने अभ्यास झाला. महानगराचा कचरा त्यांना अन्न पुरवतोच. शिवाय जुन्या वस्त्यांत घारींना मांसाचे तुकडे घालण्याची धार्मिक प्रथा आहे. अशा वस्त्यांच्या जवळ, जेथे मोठी झाडेही शिल्लक आहेत, तेथे घारींनी घरट्यांसाठी गर्दी केलेली दिसते. माणसांची चालीरीत ही देखील पक्ष्याच्या अधिवासाचा भाग असते, हे यावरून उमगते.

ससा, गरुड आणि विजेची तार

अन्न आणि अधिवास या दोन्हींची गुंतागुंत स्पेनच्या शाही गरुडाच्या कथेत एकत्र दिसते. हा गरुड प्रामुख्याने रानसशांवर जगतो. १९५२ साली फ्रान्समधील एका डॉक्टरने आपल्या मळ्यातील ससे कमी व्हावेत म्हणून मिक्सोमॅटोसिस या रोगाचा विषाणू सोडला. रोग मळ्यात थांबला नाही. वर्षभरात तो स्पेनमध्येही पोहोचला आणि ससे प्रचंड संख्येने मेले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस सशांचा आणखी एक विषाणूजन्य रोग आला. गरुडांच्या घरट्यांत थोरल्या पिल्लांकडून धाकट्यांचा छळ होऊ लागला आणि पिल्ले उपाशी मरू लागली. शिकार आणि विषप्रयोग यांमुळे आधीच विरळ झालेल्या या गरुडाच्या १९६० च्या दशकात सुमारे ३० जोड्याच ज्ञात होत्या.

त्यानंतर तेथील संरक्षकांनी अडचणीतील घरट्यांजवळ ससे ठेवून अन्न पुरवले. त्यामुळे धाकटी पिल्लेही जगू लागली. परंतु तेवढ्याने भागले नाही. उडायला शिकलेले तरुण गरुड विजेच्या खांबांवर बसत आणि धक्का लागून मरत. घरट्यात वाचवलेले पिल्लू खांबावर गमावले तर अन्नाचा खर्च व्यर्थच. म्हणून धोकादायक खांबांची रचना बदलण्यात आली. अन्न, निवांत घरटी आणि सुरक्षित खांब या सर्वांचा एकत्रित परिणाम असा झाला की, आज या गरुडांच्या जोड्या पाचशेच्या पुढे गेल्या आहेत. आपल्याकडेही माळरानावरून आणि डोंगरकडांवरून जाणाऱ्या वीजवाहिन्या मोठ्या पक्ष्यांसाठी धोक्याच्या आहेत. हा उपाय आपल्यालाही अशक्य नाही.

भरलेले ताट, विषारी अन्न

आतापर्यंत आपण अन्नाचे प्रमाण पाहिले. अन्न मुबलक आहे, घरट्यांच्या जागा शाबूत आहेत आणि तरीही वीण फसते, असे झाले तर? दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक शेतीत सर्रास वापरले जाऊ लागले. किड्यांतून लहान पक्ष्यांत आणि लहान पक्ष्यांतून ससाण्यांत ते पायरीपायरीने साठत गेले. ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाली आणि उबवायला बसलेल्या मादीच्या भाराखाली ती फुटू लागली. ब्रिटनमधील डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहातील जुनी आणि नवी अंडी तपासून १९६७ साली हा फरक दाखवून दिला. अमेरिकेने १९७२ मध्ये शेतीतील डीडीटीवर बंदी घातली आणि पुढील दशकांत ससाणे परतले.

आपल्या देशातील गिधाडांची कथा याहून दारुण आहे. बौद्ध वाचकांना गिधाडाचे नाव अपरिचित नाही. राजगीरच्या ज्या पर्वतावर तथागतांचे वास्तव्य झाले आणि त्यांनी उपदेश केला, त्याचे नावच गृध्रकूट. तेथे गिधाडे राहत म्हणून, किंवा त्याचे शिखर गिधाडाच्या आकाराचे म्हणून, असे त्या नावाचे दोन अर्थ परंपरेने सांगितले आहेत. १९८० च्या दशकापर्यंत गिधाड हा भारतातील एक अगदी सामान्य पक्षी होता. १९९० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांना गिधाडे झाडावर माना टाकून बसलेली आणि मरून पडलेली दिसू लागली. घरटी ओस पडली. २००७ पर्यंत देशातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती.

त्या काळात मृत जनावरांचा तुटवडा नव्हता. उलट गिधाडे गेल्यावर तीच जनावरे भटक्या कुत्र्यांची धन झाली. कारण २००४ साली प्रसिद्ध झाले. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध जनावराच्या मांसात उरते आणि ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड काही दिवसांत निकामी करते. शंभरापैकी एकाहूनही कमी मृत जनावरांत हे विष असले, तरी एवढा ऱ्हास होण्यास ते पुरेसे होते, असे गणित शास्त्रज्ञांनी मांडले. एका जनावरावर अनेक गिधाडे एकाच वेळी उतरतात हे लक्षात घेतले म्हणजे त्या गणिताची भीषणता कळते.

गिधाडाची वीण अतिशय मंद असते. एका जोडीला वर्षाला एकच अंडे होते आणि पिल्लू स्वतः वीण करू लागण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. उंदरांचा सुकाळ आला की घुबड सहा-सात पिल्ले वाढवून तूट भरून काढते. गिधाडाला अन्नाचा कितीही सुकाळ आला तरी एकाची दोन अंडी करता येत नाहीत. म्हणून २००६ साली भारतात पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी आली, तरी गिधाडे लगेच परतली नाहीत. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतील औषध गुरांना टोचले जाई, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांवरही निर्बंध आले. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या औषधांचा पशुवैद्यकीय वापर थांबवण्यात आला. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध उपलब्ध आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. मृत जनावर ओढून नेण्याचे काम गावगाड्याने एका समाजावर लादले होते. १९२७ साली महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा संदेश दिला आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी तो आचरणात आणला. तो माणुसकीचा आणि स्वाभिमानाचा प्रश्न होता. गिधाडांच्या ऱ्हासाशी या परिवर्तनाचा संबंध कोणी जोडू पाहील, तर तो काळाच्या हिशेबातही बसत नाही आणि विज्ञानाच्या कसोटीवरही टिकत नाही. परिवर्तनानंतर कित्येक दशके गिधाडे विपुल होती. त्यांना मारले ते औषधाने. आज रायगड, नाशिक, गडचिरोली या जिल्ह्यांत गिधाडांसाठी सुरक्षित मांस ठेवण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते काम यंत्रांच्या साहाय्याने, वेतन आणि प्रतिष्ठा देऊन, सार्वजनिक जबाबदारी म्हणूनच झाले पाहिजे.

आपल्या शिवारात

महाराष्ट्राच्या शेतशिवारात या साऱ्या अभ्यासाचा प्रत्यय देणारा पक्षी म्हणजे शृंगी घुबड. ओढ्याची दरड, जुनी दगडखाण, डोंगराची कपार अशा ठिकाणी, बहुधा जमिनीवरच, ते अंडी घालते. पावसाळा सरल्यानंतरच्या महिन्यांत त्याची वीण सुरू होते. घुबड न पचलेली हाडे आणि केस यांचा गोळा ओकून टाकते. पश्चिम महाराष्ट्रात असे गोळे तपासून झालेल्या अभ्यासात त्याच्या आहारात उंदीर-घुशींचा वाटा सर्वांत मोठा आढळला. म्हणजे शेतकऱ्याच्या धान्याची राखण करणारा हा बिनपगारी जागल्या आहे. कापशीही तेच काम दिवसा करते. उंदीर मुबलक असतील तर ती वर्षात एकाहून अधिक वेळा वीण करते. इस्रायलमध्ये आणि मलेशियातील ताडाच्या मळ्यांत उंदरांच्या बंदोबस्तासाठी गव्हाणी घुबडांना मुद्दाम पेट्या लावून बोलावले जाते.

आपण मात्र त्याला अपशकुनी म्हणून दगड मारतो. घुबडाला मारलेला दगड ते झेलते आणि तो झिजवते तसतसा मारणारा झिजत जातो, ही समजूत अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. भीतीने त्याचे घरटे मोडले जाते. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्याच्या नावाखाली त्याचे बळी दिले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा गुन्हा आहे. "या, पाहा आणि पारखून घ्या," असे सांगणाऱ्या धम्माच्या अनुयायांना तर कायद्याचा धाक दाखवण्याची गरजच पडू नये. घुबडाने ओकलेला एक गोळा मुलांनी पाण्यात भिजवून सोडवून पाहिला, तर त्यातील उंदरांच्या कवट्या साऱ्या समजुतींना उत्तर देतील.

दगडापेक्षाही मोठा धोका विषाचा आहे. शेतात किंवा घरात ठेवलेले उंदराचे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला सहज सापडतो. नर घुबड तोच उंदीर घरट्यात नेतो. अशा रीतीने उंदरासाठी ठेवलेले विष उंदराच्या शत्रूला संपवते आणि पुढच्या हंगामात उंदीर अधिकच माजतात.

या अभ्यासातून आम्हांला जी कृती सुचते ती फार खर्चाची नाही. गुरांच्या उपचाराच्या वेळी पशुवैद्यांकडे मेलॉक्सिकॅमची विचारणा करावी. उंदरांसाठी पिंजरे, बिळे बुजवणे, बांध स्वच्छ ठेवणे हे उपाय आधी करावेत. विष अगदी निरुपाय झाल्यावर वापरावे आणि मेलेले उंदीर खोल पुरावेत. ओढ्याकाठची एखादी उंच दरड मुरुमासाठी उपसण्यापूर्वी तेथे कोणी राहते का ते पाहावे. माळावरचे गवत पेटवू नये. जुने, ढोलीचे झाड वठले तरी उभे राहू द्यावे.

विद्यार्थ्यांनी एक साधी नोंदवही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. गावातील एका घरट्याची जागा, जोडी कधी दिसली, किती पिल्ले उडाली, त्या वर्षी पाऊस कसा होता, शेतात कोणते पीक होते, उंदीर जास्त होते की कमी, एवढे मुद्दे पुरेत. घरट्याच्या जवळ जाऊ नये. दुरून, दुर्बिणीतून पाहावे. जागेची छायाचित्रे सर्वांना पाठवू नयेत. एका वर्षाच्या नोंदीला फारसा अर्थ नसतो. दहा वर्षांच्या नोंदी मात्र बोलू लागतात. आज शाळेत असलेला विद्यार्थी ती वही पुढच्या तुकडीकडे सोपवू शकतो आणि माजी विद्यार्थी आपापल्या गावी स्वतंत्र वही सुरू करू शकतात.

घरट्यातून किती पिल्ले उडाली हा आकडा लहान असतो. कधी तीन, कधी एक, कधी शून्य. परंतु त्या आकड्यात त्या वर्षीचा पाऊस, गवत, उंदीर, शेतकऱ्याची फवारणी, वैद्याचे औषध आणि गावाची समजूत हे सारे मिसळलेले असते. पिकाची पाहणी करून पैसेवारी काढतात, तशी आपल्या भूमीची पाहणी हे पक्षी दरवर्षी करीत असतात. त्यांच्या नोंदी वाचायला आपण शिकलो, तर त्यांचे घरटे राखले जाईल आणि त्याबरोबर आपले शिवारही.